प्रयागने मला न दिलेलं गाणं

दळण घेऊन कुणी आलं की प्रयाग डब्याकडे बघायची नाही, आधी डबा आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. तोंड बघून झालं की मग ज्वारीत हात घालून ती ओली आहे का, खडे आहेत का ते पाहायचं. डबा रांगेत लावायचा, पिठाने पांढरा झालेला मोबाइल खिळ्यावरच्या पिशवीतून काढायचा आणि म्हणायचं, "थांबा वाईच, तुमच्यासाठी एक हाय." मग गिरणीच्या घरघरीत एक जपानी गाणं सुरू व्हायचं. माणूस आलेला असायचा पिठासाठी, जाताना पीठ आणि गाणं दोन्ही घेऊन जायचा.

बोरीसारख्या गावात जपानी गाणी, आणि तीही हाडामासाच्या माणसाने गायलेली नव्हेत. कॉम्प्युटरवर तयार केलेल्या आवाजाने गायलेली. तिकडे कुणीतरी बसून सूर आणि शब्द भरतं, आणि तो आवाज गातो. पडद्यावर मोठ्या डोळ्यांची, रंगीत केसांची चित्रातली पोरगी नाचत असते, ती म्हणे गायिका. अशा पुष्कळ आहेत. प्रयागला त्यांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून तिने सगळ्यांचं बारसं आपणच केलं होतं. पातळ आवाजाची ती बारकी, खालच्या आवाजाची ती घोगरी, आणि एक पोरगा होता त्याला ती भाऊजी म्हणायची. गाण्यांची नावं चित्रावरून पडलेली: छत्रीवालं, जिन्यावरचं, लाल स्वेटरचं, मांजराचं. "जिन्यावरचं ऐका, पन सकाळच्याला नगा ऐकू. दिवसभर कामात मन लागायचं न्हाई," असं ती डॉक्टरच्या थाटात सांगायची.

गावात जवळजवळ प्रत्येकाला तिने एक तरी गाणं दिलं. मला दिलं नाही. मी तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण, एका भिंतीची शेजारीण, आणि मलाच नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल काही लिहायला बसलं की पहिल्यांदा हेच आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. तिचे गुण मी सांगणार आहे, पण ते त्यानंतर.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गल्लीत आलो. मी परभणीची, ती पेडगावकडची. तिच्या माहेरी शेळ्या-मेंढ्या, थोडी जमीन, आणि बाकी दुसऱ्याच्या रानात मजुरी. मी पुढे अंगणवाडी सेविका झाले. ती सासऱ्यांच्या गिरणीवर बसायला लागली आणि नवरा वारल्यावर गिरणीची सगळी जबाबदारी तिच्यावरच आली. मला गळा होता. बढाई म्हणून सांगत नाही, बोरीत कुणालाही विचारा. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायला मलाच बोलावणं यायचं. वधूवरांची नावं, आईवडलांची नावं, मामांची नावं ओळींत बसवून मी दर लग्नाला नवीन मंगलाष्टक रचायचे. प्रयागला मात्र गळा अजिबात नव्हता. आरतीला ती नुसत्या टाळ्या वाजवायची. कधी चुकून तोंड उघडलंच तर शेजारची बाई दचकून वळायची आणि सगळ्यांच्या आधी प्रयागच हसायची.

ऐकण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी लाइट जायची, गिरणी बंद पडायची. माझी अंगणवाडी सुटलेली असायची. ती गिरणीचा दगड उघडून त्याला छिन्नीने टाके पाडत बसायची आणि मी समोरच्या पोत्यावर बसून म्हणायला लागायचे. नवीन मंगलाष्टक असेल, एखादी गौळण असेल, आईच्या ओव्या असतील. तिची टकटक चालू असायची. माझा सूर मनासारखा लागला की टकटक थांबायची. ती वर बघायची नाही, वाहवा करायची नाही, नुसता हातोडा हवेत धरून थांबायची. मांडवभर माणसांनी केलेल्या कौतुकापेक्षा मला तिचं ते थांबणं हवं असायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी मंगलाष्टक आधी तिला ऐकवायचे, आणि ज्या ओळीला हातोडा थांबला नाही ती ओळ घरी जाऊन बदलायचे.

आणि मग ती पोरगी आमच्या दोघींच्या मधे आली.

झालं असं, की पुण्यात नोकरीला लागलेल्या रेणुकाने, प्रयागच्या लेकीने, स्वतःला नवीन मोबाइल घेतला आणि जुना आईला दिला. प्रयाग त्यावर गाणी लावायची, पण गिरणी सुरू झाली की काही ऐकू यायचं नाही. पट्ट्याच्या आवाजात पुरुषाचा गळा बुडायचा, पेटी बुडायची, ढोलकी बुडायची. एक दिवस एकामागून एक गाणी आपोआप लागत गेली आणि त्यात कुठूनशी ही बारकी टपकली. गिरणी पूर्ण जोरात, आणि तिच्या वरून तो बारीक आवाज लख्ख ऐकू यायला लागला. प्रयाग पदराला हात पुसत मला सांगायला आली, "विजे, गिरनीला हरवनारी घावली बघ एक! कोन हाय, कुठली हाय, कुनाला ठावं. पन पट्ट्याच्या वरून बोलायलीय!"

मी हसले. म्हटलं, चला, हिचा दिवस बरा जाईल. मला काय माहीत, की ही पोरगी थोड्याच दिवसांत माझ्या न्हाणीघरापर्यंत पोचणार आहे.

पहिलं गाणं तिने धोंडिबामामांना दिलं. मामांच्या शेळ्या होत्या, आणि हाताने दूध पाजून वाढवलेला एक बोकड त्यांनी त्या आठवड्यात विकला होता. ते ज्वारी घेऊन आले, तेव्हा मी गिरणीतच होते. प्रयागने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मामा, गेला व्हय बोकड?"

मामांनी डबा खाली ठेवला. तिने छत्रीवालं लावलं. मामा खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन ऐकत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "काय म्हनायलीय गं ही?"

"मला तरी कुठं कळायलंय," प्रयाग म्हणाली. "करडू चुकलं का शेळी वरडती, तवा तुमी तिला शब्द इचारता का? कळतंच की."

मामांनी मोबाइल पुढे केला, तिने त्यावर गाणं पाठवून दिलं. तेव्हापासून मामा खिशात ते गाणं लावून शेळ्यांमागे फिरायला लागले. जिंतूरच्या रस्त्याने जाणारी माणसं एस.टी.च्या खिडकीतून माना काढून बघायची. सगळं गाव हसलं, मी पण वरवर हसले. पण आत कुठेतरी मला टोचलं. मामांचं दुःख बघून तिला गाणं सुचलं आणि त्यांच्या शेजारी बसलेली मी तिला दिसले नाही.

हळूहळू गिरणीवरची गर्दी वाढली. ज्यांच्या घरी घरगुती चक्की होती, त्या बायकाही पसाभर गहू घेऊन यायला लागल्या. प्रयागचे नियम ठरलेले. "पीठ गार होऊस्तोवर डब्याला झाकन लावायचं न्हाई, आन गानं पुरं होऊस्तोवर तोंड उघडायचं न्हाई." कुणी मधेच बोललं की ती गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "ऐकून तर बघ. पीठ काय वाया जायलंय का?" सगळीच गाणी बरोबर लागत होती असं नाही हं. सरपंचांच्या आईला तिने भाऊजीचं एक धाडधाड वाजणारं गाणं दिलं, तर म्हातारीने कानांवर हात ठेवले आणि महिनाभर दुसऱ्या गिरणीतून दळण आणलं. प्रयागला त्याचं काही वाटलं नाही. "चुकलं माजं. आजीला घोगरीचं द्यायला पायजे व्हतं," एवढंच म्हणाली, आणि खरंच दळणाच्या निमित्ताशिवाय त्यांच्या घरी जाऊन घोगरीचं गाणं ऐकवून आली.

माझ्या हाताखाली अंगणवाडीत सुरेखा नावाची मदतनीस होती. नवीन लग्न झालेली, नवरा हैदराबादला कामाला. तिला तीन गाणी मिळाली. एक सकाळचं, एक स्वयंपाक करतानाचं आणि एक त्याचा फोन येऊन गेल्यावर ऐकायचं. ती मुलांना खिचडी वाढताना ते गुणगुणायची आणि मी विनाकारण तिच्यावर खेकसायचे. डाळ पातळ झाली म्हणायचे. डाळ अगदी नीट असायची.

पण कळस केला तो आमच्या घरच्यांनी. हे खताच्या दुकानात हिशेब बघतात. गाण्याचा आणि यांचा काडीचाही संबंध नाही, माझं मंगलाष्टकही यांनी कधी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, जेवणाच्या पंगतीत पुढे जागा मिळावी म्हणून आधीच उठतात. एका रविवारी मी यांना गहू घेऊन पाठवलं. आले ते पीठ घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीतून आवाज यायला लागला. शब्द नाहीत, नुसतं "ना ना नी ना." मी दारावर थाप मारली.

"काय चाललंय?"

"प्रयागवैनीनं दिलंय," आतून उत्तर आलं. "लाल स्वेटरचं. लय भारी हाय. तुज्याकडं कोनतं हाय गं?"

त्या दिवशी यांना चहात साखर कमी पडली.

माझा राग गावावर नव्हता, यांच्यावरही नव्हता. मी त्या पोरीवर जळत होते. ज्या बाईला गळा नाही, छाती नाही, घर नाही, अशा बाईवर मी जळत होते. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. मी दुपारी गिरणीकडे निघाले की गल्लीतूनच मला बारकीचा आवाज ऐकू यायचा. लाइट नसली तरी मोबाइल चालूच. मी उंबऱ्यावर पाय ठेवला, की प्रयाग पटकन मोबाइल बंद करून पिशवीत टाकायची. चार बायका आपल्याबद्दल बोलत असाव्यात आणि आपण गेल्यावर गप्प व्हाव्यात, तसं मला व्हायचं. सगळ्या गावाला उघड ऐकवायचं आणि मी आले की बंद! मला वाटायचं, हिच्या लेखी आपली लायकीच नाही त्या गाण्यांची. मग "म्हन की काहीतरी," असं ती म्हणाली की मी मुद्दाम घसा बसलाय म्हणायचे. ती एकदा सोडून दोनदा म्हणायची, मग मी म्हणायचे, पण तोंड वाकडं करूनच.

एकदा मी ठरवून तिचं पितळ उघडं पाडायला गेले. प्रयागचं नाही, त्या बारकीचं. भाच्याकडून सगळी माहिती काढून घेतली होती.

"प्रयाग, तुला माहीतये का? ती बाई नाहीच. असं कुणी माणूसच नाही जगात. कॉम्प्युटरचा आवाज आहे. लोक तिच्यात गाणं भरतात आणि ती म्हणते."

मला वाटलं तिचा चेहरा उतरेल. ती दगडावरचं पीठ झाडत होती, ते तसंच झाडत राहिली.

"ठावं हाय. रेनुकानं सांगितलं मला."

"मग? फसवणूकच की ही."

"फसवनूक कामून? ज्याला गळा न्हाई, त्याच्या मनात गानं नसतंय का? त्यानं ते तिच्या गळ्यात घातलं. ती म्हनायलीय. मला कुनी शिकीवलं तर मी बी घालीन." मग हसली. "माजा आवाज ऐकलायस ना तू? तुला काय कळायची माजी तकलीफ. तुला देवानं दिलाय."

ती चांगलं बोलली की मला जास्तच राग यायचा.

तिच्या तोंडून बारकीची स्तुती ऐकताना एक वाक्य नेहमी असायचं, "तिला दमच लागत न्हाई बघ." खरंच, त्या आवाजाला श्वास घ्यावा लागत नाही. ओळीमागून ओळ, मधे थांबणं नाही. माझा दम अलीकडे कमी पडायला लागला होता. "सावधान"चा शेवटचा सूर लांबवताना मधेच तुटायचा, मी तो अक्षता पडण्याच्या गोंगाटात लपवायचे. मला वाटलं ही मलाच टोमणा मारतेय. मग मी घरी स्वयंपाक करताना श्वास न घेता पूर्ण मंगलाष्टक म्हणायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीला डोळ्यांसमोर अंधारी आली, मी ओट्याला धरून खाली बसले आणि वरण करपलं. यांनी जेवताना विचारलं, "वास कशाचा येतोय?" मी म्हटलं, "बारकीचा."

शेवटी मान बाजूला ठेवून मी मागितलंच. सरळ नाही, आडून. गहू घेऊन गेले, डबा ठेवला, तोंड जमेल तितकं लांब केलं आणि तिच्यासमोर उभी राहिले.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग गव्हात हात घातला.

"ओला हाय वाईच. ऊन दे."

"प्रयाग, माझं मन नाही गं लागत आजकाल."

"उन्हाळा हाय."

"आईची तब्येत बरी नाही."

"तुजी आई? परवा परभनीच्या बाजारात दिसली की मला. मिरच्यावाल्यासंगं भांडायली व्हती. चांगली ठनठनीत."

मागे उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. मी तरीही हलले नाही. "मला एखादं गाणं दे की," म्हटलं. ती पट्टा चढवायला वळली आणि गिरणीच्या आवाजात ओरडून म्हणाली, "तुज्यासाठी अजून घावलं न्हाई!"

म्हणजे बोकडाच्या दुःखाचं गाणं घावतं, खताच्या दुकानातल्या माणसाचं घावतं, आणि तिच्यासमोर रोज बसणाऱ्या बाईचं घावत नाही. मी घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू, चांगली रडले. मग यांचा मोबाइल घेऊन लाल स्वेटरचं गाणं लावून बघितलं. गाणं चांगलं होतं. पण ते यांच्यासाठी निवडलेलं होतं, दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखं वाटलं, आणि मी ते अर्ध्यातच बंद केलं.

त्याच वर्षी देवगाव फाट्याजवळ माझ्या चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टक मीच म्हटलं. प्रयाग आली होती, बोरीच्या बाजाराच्या दिवशी गिरणी बंद ठेवून, टेम्पोत उभी राहून. मी माइकवर असताना ती मांडवाच्या एका खांबाला टेकून उभी होती आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या तरी तिच्या मुठीतल्या तशाच राहिल्या होत्या. पण ते मला त्या दिवशी दिसूनही दिसलं नाही, कारण वरातीत काय झालं ते बघा. बोरीच्या पोरांनी डीजेवाल्याला मोबाइल दिला आणि मांजराचं गाणं लागलं. सगळी वरात त्या जपानी पोरीच्या तालावर नाचायला लागली. धोंडिबामामा नाचले. हे नाचले. नवरी नाचली. ज्या लग्नात मी दोन आठवडे खपून सोळा नावं चालीत बसवली, त्यातली एक ओळ कुणाला आठवत नव्हती. मी खुर्चीवर ताट घेऊन बसले होते. प्रयाग शेजारी येऊन बसली, तिने माझ्या ताटात आपल्यातली बुंदी घातली आणि म्हणाली, "दुसरं कडवं लय भारी झालं." मी बुंदी खाल्ली नाही.

आता गुण सांगते म्हटलं होतं ना, तर तिचा एक गुण हा, की माझ्या तोंडाकडे बघून ती कधी रुसली नाही. मी चार दिवस गेले नाही, तर पाचव्या दिवशी भिंतीवरून हाक यायची, "विजे, लाइट गेली गं!" जणू लाइट गेल्याची बातमी मला तिच्याकडूनच कळणार होती. मी जायचेच. मोबाइल बंद व्हायचा, टकटक सुरू व्हायची, आणि मी म्हणायला लागायचे.

मागच्या वर्षी रेणुकाला मुलगी झाली. बाळाला बघायला कुणी नाही, म्हणून तिने आईला पुण्याला बोलावून घेतलं. प्रयागने फार विचार केला नाही. गिरणी दिराच्या हवाली केली, भांडी वाटली, तुळस माझ्या अंगणात आणून ठेवली. निघायच्या दिवशी सकाळपासून तिच्या दारात माणसांची रीघ. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. "वैनी, अजून एखादं." "मावशे, माज्या भावासाठी एक." ती पिशव्या भरता भरता तोंड बघत होती आणि गाणी देत होती. सुरेखाला चौथं दिलं. चौथं!

गर्दी पांगल्यावर मी आत गेले. रिकाम्या घरात ती पोत्याच्या सुतळीने गाठोडं बांधत होती. मी दार लोटून घेतलं.

"प्रयाग, खरं सांग. इतक्या वर्षांत मला एक गाणं द्यावंसं वाटलं नाही तुला?"

ती गाठ बांधत राहिली.

"मी तुझी कोण आहे? सुरेखाला चार दिलीस, सरपंचांच्या आईला दोनदा दिलंस. मला सांगतेस, घावलं नाही."

"घावलंय," ती म्हणाली.

"काय?"

"कवाच घावलंय. लाल स्वेटरच्या बी आधी. अगदी तुजंच हाय ते, ऐकलं तर येडी व्हशील." तिने सुतळी दाताने तोडली. "पन देनार न्हाई."

"का?" मी म्हटलं.

तेव्हा ती पहिल्यांदा रागावून बोललेली मी पाहिली. "कामून म्हंजी? तुला काय वाटलं, तुज्या एकटीलाच जळता येतंय? समदं गाव तिचं झालं. मामा तिचे, तुजे मालक तिचे. व्हऊ देत, माजं काय जायलंय? मीच वाटलं समद्यास्नी. पन तू बी तिची झालीस, दिवसभर कानाला लावून बसलीस, तर दुपारच्याला मज्याकडं येऊन म्हनंल कोन? म्हनून तू आलीस की बंद करायची मी तिला. तुज्या कानावर पडू देत नव्हते. तिला दम लागत न्हाई, तुला लागतोय. तिच्यासंगं बरोबरी करत बसली असतीस, आन एक दिवस गायचं सोडलं असतंस. मी वळखत न्हाई का तुला?"

एवढं बोलून तिने गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "धर. एस.टी. यील."

बसस्टँडवर मी गाठोडं खिडकीतून तिच्या हातात दिलं. बस निघाल्यावर तिने खिडकीतून हात केला, सगळ्यांनी हात केला, सुरेखा रडली. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मी आनंदात होते. मैत्रीण कायमची चाललीय आणि ही बाई हसत उभी आहे, म्हणून लोकांनी नावं ठेवली असतील. पण त्या सगळ्या गर्दीत, खिशात तिची गाणी घेऊन उभ्या असलेल्या माणसांत, तिने जिला काही दिलं नव्हतं अशी मी एकटी होते. बस वळणाआड जाईपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे उभी होते.

आता मी दुपारी घरीच म्हणते. प्रयागच्या दिराने गिरणीवर एक माणूस ठेवलाय, तो मोबाइलवर क्रिकेट बघतो. दगडाला टाके पाडायला मशीन आणलंय. मंगलाष्टकाची बोलावणी येतात, मी जाते. दम तुटला तर आता लपवत नाही, थांबते, श्वास घेते आणि पुढे म्हणते. कुठली ओळ बदलायची ते मात्र आता कळत नाही, सगळ्या तशाच ठेवते.

प्रयागचा दर आठवड्याला फोन येतो. पुण्यात तिची इमारत बारा मजल्यांची आहे आणि तिथेही तिने धंदा मांडलाय. बाळाला घेऊन लिफ्टने खाली जायचं, बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. वॉचमनला जिन्यावरचं दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरीला भाऊजीचं दिलं. कचरा न्यायला येणाऱ्या बाईला छत्रीवालं दिलं, तर ती बाई म्हणे रोज एक मिनिट जास्त थांबते. मी हे सगळं आता आरामात ऐकते. देऊ दे, कितीही जणांना देऊ दे. मला काही होत नाही.

परवाच्या फोनवर ती अशीच एकेकाची नावं घेत होती आणि मी शेंगा सोलत ऐकत होते.

"आन पाचव्या मजल्यावर एक बाई हाय," ती म्हणाली. "सोलापूरकडची. भजन म्हनती. लय गोड गळा हाय गं. बाळ झोपलं का दुपारच्याला मज्याकडं येऊन बसती."

माझा हात थांबला.

"तिला कोणतं दिलंस?" मी विचारलं.

"तिला?" प्रयाग जरा घुटमळली. "तिच्यासाठी अजून घावलं न्हाई."

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. आवाज जमेल तितका गोड केला.

"असं करू नये, प्रयाग," मी म्हटलं. "बिचारी इतक्या लांबून येते. देऊन टाक की तिला एखादं. चांगलं बघून दे. आजच दे."